अपुरी लाखोली

आमच्या घरात शरद ऋतू नाकावाटे येतो. पुस्तकांत तो डोळ्यांवाटे येतो हे मला ठाऊक आहे. धुतलेलं आकाश, निवळलेली तळी, काशाचे पांढरे तुरे, चांदणं वगैरे. भोपाळमध्येही हे सगळं असतं, तळी तर गरजेपेक्षा जरा जास्तच. पण दरवर्षी आश्विनातल्या एखाद्या संध्याकाळी मी कोटरा सुलतानाबादच्या ऑफिसातून अवधपुरीकडे परतत असतो, कारखान्याच्या टाउनशिपमधलं वळण येतं आणि सप्तपर्णीचा तो दाट, गोड, डोक्यात चढणारा वास अंगावर येतो. मागे बसलेली वृंदा, म्हणजे माझी बायको, "अहाहा" म्हणते. मी मात्र गाडीचे कागद घरी विसरलेला माणूस पोलिसासमोरून काढतो तशी श्वास रोखून स्कूटर पुढे काढतो. पन्नाशी ओलांडलेला, पोट हँडलपर्यंत आलेला गृहस्थ फुलांना भिऊन पळतो आहे, हे दृश्य फारसं काव्यमय नाही. पण आमच्या घराण्यात काव्य कायम खोकल्यापाशी येऊनच थांबलेलं आहे.

यंदा श्वास रोखायला उशीर झाला. वळण संपलं, वास मागे पडला, आणि माझ्या छातीत कुठेतरी खोल एक बारीक शिट्टी वाजली. कुकरला वाफ धरण्याआधी वाजते तशी, दबलेली. ती शिट्टी मी लगेच ओळखली. ती आईची होती.

माझं सगळं लहानपण त्या टाउनशिपमध्ये गेलं. एकसारखे क्वार्टर, एकसारखी मेंदीची कुंपणं, एकसारखी हिरवी फाटकं. नवीन पाहुणा हमखास दुसऱ्याच्या घरात शिरायचा आणि चहा पिऊन झाल्यावर त्याला कळायचं. बाबा मूळचे नागपूरचे, आई इंदूरची. त्यामुळे घरात पोह्यांवरून जे व्हायचं ते व्हायचंच. बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. म्हणजे लोक दिवसभर घाम गाळून जे पोलादी भाग बनवायचे, त्यांना मायक्रोमीटर लावून "हा चालणार नाही" म्हणायचं, हे त्यांचं काम. तेच काम ते घरीही करायचे. पोळी, माझं अक्षर, मिश्राजींच्या मुलीचं लग्न, काहीच त्यांच्या मापात बसत नसे.

शरद तर अजिबात नाही. सकाळी दूध आणायला जावं तर दात वाजत. दुपारी क्वारचं, म्हणजे आश्विनातलं, ऊन असं तापे की कूलर पुन्हा लावावा की काय अशी चर्चा सुरू होई. संध्याकाळी ट्रंकेतून काढलेले स्वेटर, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्या वासात मिसळलेला बाहेरच्या गाडीवरच्या उकडलेल्या शिंगाड्यांचा वास. सोयाबीनच्या ट्रॉल्या करोंदच्या मंडीकडे जाऊ लागल्या की शहरभर एक पिवळट धूळ तरंगत राही, आणि त्या धुळीतूनच सूर्यास्त असा काही सुंदर दिसे की लोक छतावर चढून बघत आणि शिंकत खाली येत. दसऱ्याला तर नेमका कुठूनसा पाऊस येई. एका वर्षी मैदानावरचा रावण इतका भिजला की दहाही तोंडांचा रंग छातीवर ओघळला आणि तो पेटेचना. बाबा छत्री धरून म्हणाले, "हा महिनाच रिजेक्ट करायला पाहिजे बाप्पा. एक माप धड नाही."

ते हसून म्हणाले खरे, पण हसत हसत त्यांनी आईकडे बघितलं. आई पदर तोंडावर धरून उभी होती.

आईचा दमा वर्षभर कुठे असायचा कोण जाणे. पावसाळा ती अख्खा चालून काढायची, थंडीत पापड लाटायची. पण आकाश निवळलं, हवा हलकी झाली, सगळं जग सुंदर दिसायला लागलं, की तिच्या छातीत शिट्टी सुरू. ती उशांवर उशा रचून बसे, किटलीची वाफ घेई, आणि आमच्यापासून सगळं लपवी. लपवण्याची तिची एक रीत होती. कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा ती खोकून घ्यायची. पाळी बदलण्याची वेळ झाली की ती मागच्या अंगणात जाऊन उभी राही, भोंगा सुरू होई, आणि तेवढ्या वेळात दाबून ठेवलेला सगळा खोकला ती मोकळा करी. भोंगा थांबला की डोळे पुसत आत येई आणि "चला, कोणाला पोहे?" म्हणे. मी लहानपणी कितीतरी दिवस समजत होतो की भोंग्यामुळेच आईला खोकला येतो. कारखान्याला सांगून तो बंद करता येईल का, असं मी बाबांना विचारलंही होतं. इन्स्पेक्शनचा माणूस, त्यानं हा भोंग्याचा आणि खोकल्याचा मेळ माझ्याआधीच टिपला असणार.

आमच्या फाटकापाशी दोन झाडं होती. बाहेर, रस्त्याच्या कडेला, कारखान्यानं लावलेली सप्तपर्णी. आत, फाटकाला अगदी चिकटून, आईचा प्राजक्त. ते रोप तिनं लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून येताना मांडीवर घेऊन आणलं होतं. आसपासचे त्याला हरसिंगार म्हणत. दोन्ही झाडं एकाच महिन्यात फुलत. सप्तपर्णी रात्री गल्लीभर वास सोडे, आणि पहाटे प्राजक्ताखाली केशरी देठांचा सडा पडलेला असे.

आता दोष कोणाचा? गल्लीत याबद्दल दुमत नव्हतं. शेजारच्या मिश्राइन चाची कमरेवर हात ठेवून सप्तपर्णीकडे बघत म्हणायच्या, "यही है मुआ. इसी की बास से भाभीजी की साँस फूलती है." टाउनशिपमधल्या निम्म्या लोकांना त्या वासानं डोकेदुखी होत होती, त्यामुळे आरोपी आधीच ठरलेला होता. प्राजक्ताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. इतकं नाजूक, देवाचं फूल. हातात घेतलं तर हाताच्या उबेनं कोमेजतं. त्याच्यावर कोण संशय घेणार?

त्यातून आईनं लाखोली बोललेली. एक लाख प्राजक्ताची फुलं देवाला वाहायची. "श्वास मोकळा होऊ दे, लाखोली वाहीन," असं ती देवासमोर म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे अंधुक उजेडात शाल गुंडाळून, दवात भिजलेल्या गवतावर वाकून फुलं वेचायला लागली. फुलं खाली सांडलेली चालतात, प्राजक्ताला ती सवलत आहे. पण लाख फुलं म्हणजे काय हे झाडाला माहीत नव्हतं, आणि शरद ऋतू काही वर्षभर थांबत नाही. एका मोसमात लाख होईनात. पुढच्या मोसमावर गेली. मग त्याच्या पुढच्या. मी आणि बाबा ताटात शंभर-शंभरांचे ढीग लावायचो. बाबा चुरगळलेली फुलं बाजूला काढायचे. आई म्हणे, "देवाला चालतात हो." बाबा म्हणत, "देवाला चालत असतील, मला नाही चालत."

एका कोजागिरीला मिश्राइन चाचींनी आईला औषधाच्या खिरीसाठी नेलं. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीत कसलीशी पूड मिसळून दमेकऱ्यांना देतात, आणि ती खाऊन रात्रभर जागायचं असतं. बाबांचा विश्वास नव्हता, पण आईला स्कूटरवरून न्यायला-आणायला ते गेले. त्या रात्रीबद्दल मला अधिक काही सांगता येणार नाही, कारण मी झोपलो होतो. झोपण्याच्या बाबतीत मी लहानपणापासूनच कर्तबगार. जाग आली ती स्कूटरच्या आवाजानं. खिडकीतून बघितलं तर आई उतरत होती, लाल डोळ्यांची, पण हसरी. कुंपणापलीकडच्या चाचींना मोठ्यानं सांगत होती, "चाचीजी, पूरी रात एक बार भी नहीं खाँसी!" आणि फाटक उघडून आत येताच, घरात पाऊलही न टाकता, ती तशीच प्राजक्ताखाली वाकली. सडा पडलेलाच होता. थोड्या वेळानं मला खिडकीपर्यंत ती शिट्टी ऐकू आली. आई झाडाला हात टेकून उभी होती, ओच्यात फुलं, खांदे वर-खाली होत होते.

बाबा स्कूटर स्टँडवर लावून तिथेच उभे होते. ते आईला धरायला धावतील असं मला वाटलं. ते धावले, पण आधी क्षणभर थांबले. त्यांनी झाडाकडे बघितलं, खालून वरपर्यंत, एखादा पोलादी भाग हातात आल्यावर बघत तसं. मग पुढे झाले.

त्याच आठवड्यात ते आईला म्हणाले, "सुमन, हॉर्टिकल्चरच्या यादवजींना सांगतो. फाटकाजवळचं झाड काढून टाकू." आई म्हणाली, "काढा बाई एकदाची ती सप्तपर्णी." आणि दिवाळीआधी चार दिवस मामाकडे इंदूरला गेली.

मी शाळेतून आलो तेव्हा प्राजक्त अंगणात आडवा पडला होता. खरखरीत पानं, फांद्यांवर उद्यासाठी तयार झालेल्या कळ्या. आणि बाहेर सप्तपर्णी जशीच्या तशी, वर उलट जरा मोकळी मोकळी वाटणारी. मी दप्तर फेकलं आणि ओरडलो. बाबा पायरीवर उभे होते.

"चुकून तोडलं रे," ते म्हणाले. "दोन्ही वासाची, दोन्ही फाटकापाशी. चूक होते माणसाची. आता काय करता."

मग त्यांनी यादवजींना असं झापलं की गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. "आँखें हैं कि बटन? पेड़ पहचानना नहीं आता?" यादवजी म्हणजे गल्लीत कोणाचं ऐकून न घेणारा माणूस. पण ते मान खाली घालून कान खाजवत राहिले. आणि खिडक्या मिटल्यावर बाबांनी त्यांना आत बोलावून चहा दिला. वर शेवही दिली. मला संताप आला. ज्यानं आमचं झाड तोडलं त्याला शेव! आपले बाबा फार मवाळ आहेत, असा निष्कर्ष मी त्या दिवशी काढला आणि पुढे वर्षानुवर्षं तो मी जपून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी आई परतली. रिक्षातून उतरली, फाटकाला हात लावला आणि तशीच उभी राहिली. बाबांनी पिशवी घेतली.

"कोणी?" तिनं विचारलं.

"बागवाल्यांनी. चुकून."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"आत," बाबा म्हणाले. "दाढी करत होतो."

आई बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल. ती पायरीवर बसली, पायांतल्या चपला काढल्या आणि म्हणाली, "लाखोली राहिली." एवढंच. मग आत जाऊन तिनं मामीनं दिलेले चिवड्याचे डबे रचून ठेवले.

पुढचा शरद आला. सप्तपर्णी फुलली, गल्लीत डोकी दुखली, करोंदची धूळ उडाली, रावण या खेपेला कोरडा जळला. आणि आमच्या घरात काहीच ऐकू आलं नाही. भोंगा होई, थांबे. मागच्या अंगणात कोणी जात नसे. आई नुसती श्वास घेत होती, जसा सगळे घेतात, विचार न करता. आम्ही तिघांनीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आईच्या आवडत्या झाडाच्या जाण्यानं आईला आराम पडला, हे म्हणणार कोण? ती अंगणातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत मोकळा श्वास घ्यायची, आणि मला त्या श्वासाची थोडी लाजच वाटायची. प्राजक्ताचा परागकण भोवत होता, की पहाटेच्या दवात वाकणं, की दोन्ही, ते डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही. मिश्राइन चाची मात्र सप्तपर्णीवर ठाम होत्या. "अब इसे भी कटवा दीजिए भाईसाब." मागच्या अंगणातल्या पेरूकडे बोट करून बाबा म्हणाले, "रहने दीजिए चाचीजी. यादवजी को फिर बोलूँगा तो अमरूद काट जाएँगे."

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावा लागला, आम्ही अवधपुरीत चौथ्या मजल्यावर आलो. बाबा जाऊनही आता पुष्कळ दिवस झाले. इथे भोंगा ऐकू येत नाही, किंवा येत असेल तर गाड्यांच्या हॉर्नमध्ये विरून जातो. तीन पावसाळ्यांपूर्वी माझी मुलगी ईशा नर्सरीतून कुंडीत लावलेलं एक रोप घेऊन आली. "आजी, सरप्राइज! हरसिंगार है. तुला आवडतो ना?" आईनं ते रोप बाल्कनीत खुर्चीच्या हाताशी ठेवून घेतलं. यंदा ते पहिल्यांदा फुललं. आता वाकायलाही नको. आई सकाळी उन्हं आल्यावर खुर्चीत बसून हात लांब करते, कुंडीतली पाच-पंचवीस फुलं उचलते आणि देवाला वाहते. "लाखोली पुन्हा सुरू," ती म्हणाली. या वेगानं लाख होण्यासाठी तिला किती जन्म घ्यावे लागतील याचा हिशोब ईशानं मोबाइलवर करून दाखवला. आई हसली, आणि तिची छाती शांत राहिली. मी सगळे दिवस कान देऊन होतो. तिच्या छातीत काही नव्हतं.

शिट्टी माझ्या छातीत होती. त्या संध्याकाळी सप्तपर्णीपाशी वाजलेली, आणि आता रोज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं की वाजणारी. डॉक्टरांनी पंप दिला, घरात फुलझाड आहे का विचारलं. मी नाही म्हणालो. एकदा गेलेलं झाड तिला इतक्या वर्षांनी परत मिळालं होतं. ते दुसऱ्यांदा माझ्यामुळे जाणार असेल तर त्यापेक्षा खोकणं बरं.

फक्त खोकायचं कुठे? भोंगा नाही. मग मला मिक्सर सापडला. सकाळी खोकल्याची उबळ आली की मी स्वयंपाकघरात धावत जाई, भांड्यात जे दिसेल ते टाकी आणि बटण फिरवी. मिक्सरच्या घरघराटात मी पोटभर खोकून घेई. आठवडाभर घरात इतकी चटणी झाली की शेजाऱ्यांना वाटावी लागली. वृंदा भारावून गेली. ईशा म्हणाली, "पप्पा, यू आर सो डोमेस्टिक यार, एकदम!" माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि ते दम्यामुळे व्हावं हे आमच्या घराण्याला धरूनच होतं.

मग एके सकाळी ऐन चटणीत लाइट गेली. मिक्सर थांबला. मी थांबू शकलो नाही. सगळं घर शांत, पंखासुद्धा बंद, आणि त्या शांततेत मी एकटा ओट्याला धरून खोकतोय, आणि खोकल्याच्या मधून ती शिट्टी. संपलं तेव्हा दारात आई उभी होती. काठी टेकून, खुर्चीपासून इथपर्यंत चालत आलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, खालून वरपर्यंत. मग परत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बाल्कनी मोकळी. फरशीवर कुंडीचा ओला गोल तेवढा राहिलेला.

"आई, कुंडी कुठे गेली?"

"सोसायटीच्या माळ्यानं नेली वाटतं खाली," आई वाती वळता वळता म्हणाली. "चुकून."

"चौथ्या मजल्यावर येऊन? चुकून?"

"चूक होते माणसाची. आता काय करणार."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली सोसायटीच्या फाटकापाशी ताजी माती उकरलेली होती आणि तिच्यात ते रोप नीट, सरळ उभं होतं. माळी त्याला पाणी घालत होता. कुणी इतक्या काळजीनं चूक केलेली मी पाहिली नव्हती.

"आणि तू कुठे होतीस?" मी विचारलं.

आईनं वात खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण फार लांब नव्हतं.

"आत," ती म्हणाली. "दाढी करत होते."

यादवजींचे खाली गेलेले डोळे, शेव, अमरूद, एकेक गोष्ट जिथे होती तिथून उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"दोन दिवसांचे खुंट होते त्यांच्या गालावर," आई म्हणाली. "दाढी करत होतो म्हणे."

"मग तू त्यांना कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्या माणसानं. एकच खोटं बोलला, तेही धड जमलं नाही. आणि मी भांडायला श्वास घ्यायची, तर तो मोकळा येत होता रे. भांडणार कशाच्या जोरावर?"

"आणि लाखोली?"

"श्वासासाठीच बोलले होते ना?" तिनं पुढची वात हातात घेतली. "तो मिळाला. मग राहू दे अपुरी. हाताशी फुलं आली म्हणून पुन्हा हौस केली, एवढंच."

बाहेर क्वारचं ऊन उतरत होतं. घडीत गरम, घडीत गार. खालून माळ्यानं हाक मारून विचारलं, रोज पाणी घालायचं की एक दिवसाआड. आईनं मला खूण केली, तू सांग. मी कठड्याशी गेलो, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आधी खोकला आला. मी तो दाबला नाही. मिक्सर बंद होता, भोंगा कुठेच नव्हता. आई माझ्या मागे वाती वळत, माझा खोकला संपेपर्यंत थांबून राहिली.